तळघराला आधी पावसाळा दाखवा

बेळगावात उतारावर प्लॉट घेतला की तळघर जवळजवळ आयतंच पदरात पडतं. रस्त्यावरून पाहिलं तर घर एकमजली, मागच्या अंगाला गेलं की खाली आणखी एक मजला. सुरुवातीला या जागेचं काय करायचं ते ठरलेलं नसतं. सेंट्रिंगच्या उरलेल्या फळ्या, सिमेंटची अर्धी पोती, मोडकं कपाट, गणपतीच्या आराशीचं सामान असं काहीबाही तिथे साठत जातं. मग मुलं मोठी होतात. कुणाला अभ्यासाला खोली हवी असते, कुणाला तबल्याच्या रियाजाला, कुणाचं ऑफिसच घरी येतं, आणि सगळ्यांची नजर खाली वळते. खाली फरशी, वर पीओपी, चार दिवे आणि एक पंखा, झाली खोली तयार, असा सरळ हिशेब मांडला जातो.

हा हिशेब बहुतेक वेळा मार्च-एप्रिलमध्ये मांडला जातो, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. वर ऊन छत्तीस-सदतीस अंशांवर गेलेलं असताना तळघरात उतरलं की अंगावर गारवा येतो. भिंती कोरड्या, फरशी थंड. जमिनीत काही फूट खाली गेलं की तापमान वर्षभराच्या सरासरीजवळ स्थिर राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात तळघर गार लागतं आणि थंडीत उबदार. पण मार्चमधलं तळघर आणि जुलैमधलं तळघर या दोन वेगळ्या जागा आहेत. सीमाभागात तळघर राहतं करायला निघालेल्या माणसाला दुसऱ्या जागेची ओळख आधी व्हायला हवी.

एकाच जिल्ह्यातले तीन पावसाळे

बेळगाव जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडला तर पावसाचं माप दर काही कोसांवर बदलत जातं. मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पलीकडे पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो तेराशेच्या आसपास येतो आणि अथणीकडे सहाशेच्या आत-बाहेर. मातीही तशीच बदलते. बेळगाव-खानापूर पट्ट्यात तांबडी माती आणि जांभा दगड, निपाणी-चिकोडीकडे काळी कसदार जमीन, आणि त्याखाली दख्खनचा काळा पाषाण.

तळघराच्या दृष्टीने या प्रत्येकाची खोड वेगळी. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणून चिरे पाडायला तो सोपा आणि जमिनीवरच्या भिंतीला उत्तम. पण त्याच्या अंगात छिद्रं असतात. जमिनीखालची भिंत जांभ्याची असेल आणि बाहेरून तिला काही संरक्षण नसेल, तर पावसाळ्यात ती एखाद्या जागी गळत नाही, सगळीकडून पाझरते. निपाणीकडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. फुगताना ती तळघराच्या भिंतीला आत ढकलते, आक्रसताना भिंतीलगत फट सोडते, आणि पुढच्या वळवाचं पाणी नेमकं त्या फटीतून थेट पायापर्यंत उतरतं. म्हणून जाणता गवंडी तळघराच्या भिंतीमागे खोदलेली काळी माती परत भरत नाही, मुरूम आणि खडी भरतो. काळ्या पाषाणात खोदलं तर दगडाच्या सांध्यांतून झरे फुटतात. ऑगस्टमध्ये ते वाहतात, फेब्रुवारीत त्यांचा मागमूस नसतो.

आपल्या प्लॉटखाली पाणी किती वर येतं हे कळायला मोठ्या यंत्राची गरज नाही. बेळगावच्या जुन्या गल्ल्यांत आणि परसांत अजून विहिरी आहेत. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ म्हणूनच ओळखली जाते. आपल्या घराजवळची एखादी विहीर ऑगस्टच्या मध्यावर जाऊन पाहावी. तिचं पाणी जमिनीपासून चार-पाच फुटांवर असेल, तर आठ फूट खोल तळघर म्हणजे निम्म्या उंचीपर्यंत पाण्यात उभी केलेली पेटी. हे पाहूनही खोदायचं ठरवलं तर निदान खर्चाचा अंदाज खरा निघेल.

जुन्यांनी खाली काय ठेवलं

आपल्याकडे जमिनीखालची जागा वापरायची रीत जुनीच आहे, पण ती पावसाचं माप बघून ठरलेली होती. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला, सांगलीच्या अगदी शेजारी, हळद पेवांत साठवायची पद्धत होती. वीस फुटांच्या आसपास खोल, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस असा हा खड्डा. तिथली घट्ट माती पाणी आत येऊ देत नसे. हळद भरून तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपत जाई, कीड लागत नसे आणि माल वर्षानुवर्षं टिके. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड काही काळ उघडं ठेवायचं, कंदील दोरीने खाली सोडून पाहायचा, तो विझला तर थांबायचं. २००५ च्या महापुरात कृष्णेचं पाणी या पेवांवर आलं आणि पिढ्यान्‌पिढ्या कोरडी राहिलेली कितीतरी पेवं हळदीसकट वाया गेली. माती कितीही चांगली असली तरी पुराची रेषा ओलांडली गेल्यावर तिचा उपयोग उरत नाही, हा धडा सांगलीने त्या वर्षी फार महाग किमतीत घेतला.

बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात जमिनीखालची दुसरी एक जागा होती, आणि तिथे माल नाही, माणूस बसायचा. हातमागाचा खड्डामाग. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खालच्या खड्ड्यात पावड्यांवर असतात. खड्ड्यातला ओलावा सुताला मानवतो, धागा कमी तुटतो. थोडी ओल इथे कामाचीच होती. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात पावसाने कहर केला तेव्हा विणकर वस्त्यांमधल्या घरांत पाणी शिरलं, मागाचे खड्डे भरले, सूत आणि यंत्रं दोन्ही भिजली. ज्या घरात जमिनीखाली जेमतेम दोन-तीन फूट जागा होती, त्या घराची ही गत.

बाकी धान्य, गूळ, कागदपत्रं, लुगडी यांच्यासाठी या भागातल्या घरांनी वरची वाट धरली. माळा, माडी, भिंतीच्या जाडीतलं बळद. जोतं दोन-तीन फूट उंच घ्यायचं आणि सामान वर चढवायचं. कमी पावसाच्या पूर्वेला पेव, जास्त पावसाच्या पश्चिमेला माळा, अशी ही ढोबळ वाटणी. आजच्या तळघराने ती मोडली आहे आणि त्याचं कारण प्लॉटची किंमत आहे. आजूबाजूला जागा नाही, वर चढायला परवानगीची मर्यादा आहे, तेव्हा खाली जायचं.

अमेरिकेतलं बेसमेंट

तळघर सजवण्याची हौस आणखी एका वाटेने आली. बेळगावातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी न्यू जर्सीत, शिकागोत किंवा टोरांटोत आहे. तिथल्या घरांच्या बेसमेंटमध्ये गालिचा असतो, मोठा टीव्ही असतो, गणपतीत तिथेच आरास होते आणि पन्नास माणसं जेवतात. व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं की आपल्या तळघराचंही तसंच करावंसं वाटतं.

तिथे तळघर असण्याचं कारण मात्र थंडी आहे. हिवाळ्यात जमीन गोठते, गोठताना फुगते आणि पाया उचलते. त्यामुळे पाया गोठणरेषेच्या खाली न्यावा लागतो. शिकागो-मिनेसोटाकडे ही रेषा साडेतीन ते पाच फूट खोल आहे. इतकं खोदलंच आहे तर आणखी थोडं खोदून एक मजला मिळवायचा, असा तिथला हिशेब. आणि ती खोली झोपण्यासाठी वापरायची तर तिथल्या नमुना संहितेनुसार माणूस बाहेर पडू शकेल अशी खिडकी लागते. तिचं मोकळं तोंड किमान ५.७ चौरस फूट आणि खालची कड जमिनीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नाही. कोपऱ्यात पाणी गोळा होण्याचा खड्डा आणि त्यात आपोआप चालू होणारा पंप असतो. गालिच्याखालची ही व्यवस्था व्हिडिओ कॉलवर दिसत नाही. असे नियम असूनही २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आयडा वादळाचा पाऊस न्यूयॉर्कवर कोसळला, तेव्हा शहरात मेलेल्या १३ जणांपैकी ११ जण तळघरातल्या घरांत बुडाले. त्यातली बहुतेक घरं परवानगीशिवाय भाड्याने दिलेली होती.

पाण्याला वाट

तळघर राहतं करण्याच्या कामाचा क्रम एकच आहे: आधी पाणी, मग हवा, मग माणसाला बाहेर पडायची वाट. फरशी आणि रंग सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा लागतो.

ओल कुठून येते ते आधी ठरवायचं. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा कागद घ्यायचा, तळघराच्या भिंतीला किंवा जमिनीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला जमले तर खोलीतल्या दमट हवेचं पाणी थंड पृष्ठभागावर धरतंय. पहिल्याचा इलाज गवंड्याकडे, दुसऱ्याचा हवा खेळती करण्यात किंवा हवेतली ओल शोषणाऱ्या यंत्रात. परीक्षा जुलै-ऑगस्टमध्येच घ्यायची. एप्रिलमध्ये सगळीच तळघरं पास होतात.

भिंतीतून पाणी येतंय असं ठरलं तरी लगेच आतून रसायन लावायची घाई नको. आधी घराबाहेर फिरावं. गच्चीच्या पन्हाळ्याचा पाइप भिंतीच्या मुळाशीच पाणी सोडतोय का? अंगणाचा उतार घराकडे आहे का? जमिनीखालची पाण्याची टाकी, म्हणजे आपला संप, तळघराच्या भिंतीला लागून आहे का आणि तो झिरपतोय का? शेजारच्या प्लॉटवरचं पाणी कुठे जातं? अनेक घरांत पाइप दहा फूट लांब नेणं, भिंतीभोवती बाहेरच्या बाजूला उतार देऊन फरसबंदी करणं आणि संपाला आतून नवा गिलावा करणं एवढ्यानेच निम्मी ओल थांबते.

उरलेल्या निम्म्यासाठी खरा इलाज बाहेरच्या बाजूने. नवं घर असेल तर आरसीसीच्या तळाखाली आणि भिंतींच्या बाहेरून शहाबादी फरशीचं पेटीसारखं आवरण करायची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे, ठेकेदार त्याला बॉक्स वॉटरप्रूफिंग म्हणतात. झालेल्या घरात बाहेरून खोदता येत नसेल तर आतूनच उपाय करावा लागतो, पण तो पाणी अडवण्यापेक्षा त्याला वाट करून देणारा असावा. भिंतीच्या कडेने जमिनीत अरुंद चर, त्याला उतार, एका कोपऱ्यात खड्डा आणि त्यात पाण्याची पातळी वाढली की चालू होणारा पंप. पावसाच्या रात्री वीज जातेच, म्हणून पंपाला इन्व्हर्टरची जोड. तळघरात मोरी किंवा संडास करायचा असेल तर रस्त्यावरच्या गटाराची पातळी मोजून घ्यावी. गटार वर आणि मोरी खाली असेल तर मोठ्या पावसात गटाराचंच पाणी घरात येणार.

पाण्याला नुसतं अडवायचं म्हटलं तर त्याचा जोर समजून घ्यायला हवा. ६०० चौरस फुटांच्या तळघराखाली भूजल तळघराच्या तळापेक्षा फक्त एक मीटर वर चढलं, तर ते तळाला खालून सुमारे ५५ टनांनी ढकलत असतं. दोन इंचांचा कोबा आणि वर चकचकीत टाइल्स यांनी हा जोर थोपत नाही. टाइल्स उचकटतात, आणि दोष टाइल्सवाल्याला दिला जातो.

हवेला वाट

कोंडलेल्या हवेची किंमत निपाणीने चांगली ओळखली आहे. तंबाखूच्या वखारींत पाला कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायका बंद खोल्यांतल्या धुळीत दिवसभर काम करत. त्यांनी संघटना उभी केली, कामाच्या जागेबद्दल आणि मजुरीबद्दल लढा दिला, आणि छाया दातार यांनी त्यावर केलेला अभ्यास १९८९ मध्ये पुस्तकरूपाने आला. तळघरात तंबाखूची धूळ नसते, बुरशी असते. दम्याच्या माणसाला तिचा त्रास लगेच जाणवतो, इतरांना हळूहळू.

राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराची उंची किमान २.४ मीटर, म्हणजे साधारण आठ फूट, आणि त्याचं छत आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ०.९ ते १.२ मीटर वर असावं असं म्हटलं आहे. छत वर आलं की भिंतीच्या माथ्याला झरोके काढता येतात. ते समोरासमोर असावेत, नाहीतर हवा आत येते आणि तिथेच बसते. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओलीचिंब असते. तेव्हा खिडक्या दिवसभर उघड्या ठेवून तळघर वाळत नाही, उलट थंड भिंतींवर आणखी पाणी धरतं. जून ते सप्टेंबर झरोके थोडेच उघडे ठेवून पंखा आणि ओल शोषणारं यंत्र चालवावं, ऑक्टोबरपासून सगळं उघडावं.

स्वयंपाकाच्या गॅसबद्दल मात्र तडजोड नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. वरच्या मजल्यावर गळलेला गॅस दारा-खिडकीतून निघून जाऊ शकतो, तळघरात गळलेला जमिनीलगत साचून राहतो आणि दिव्याच्या बटणाची ठिणगी पुरते. सिलिंडर, गॅस गिझर आणि जनरेटर यांना तळघरात जागा नाही.

माणसाला वाट

२७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात रस्त्यावरचं पाणी शिरलं आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तीन विद्यार्थी बुडून मेले. त्या तळघराला परवानगी होती ती वाहनतळ आणि साठवणीची. पुढच्या वर्षी मे महिन्यात बंगळूरच्या बीटीएम लेआउट भागात इमारतीच्या तळघरात साचलेलं पाणी पंपाने उपसताना विजेचा धक्का बसून दोघे गेले, त्यातला एक बारा वर्षांचा मुलगा होता.

तीन फूट रुंदीच्या दाराबाहेर दोन फूट पाणी उभं राहिलं तर दारावर दीडशे किलोंहून अधिक जोर येतो. आतून तो ढकलून दार उघडणं एकट्या माणसाच्या ताकदीबाहेरचं. म्हणून तळघराचं दार आत उघडणारं असावं, जिन्याच्या तोंडाशी रस्त्याच्या पाण्याला अडवणारा उंचवटा असावा, आणि जिन्याशिवाय बाहेर पडायची दुसरी जागा असावी, मग ती मोठी खिडकी का असेना. विजेची बटणं आणि पॉइंट जमिनीपासून चार फुटांवर घ्यावेत, तळघराची विजेची लाइन वेगळी असावी, तिचं बटण वरच्या मजल्यावर असावं आणि तिच्यावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारं बटण, बसवावी. पाणी शिरल्यावर पहिलं काम वीज बंद करणं, दुसरं माणसं वर घेणं. पाणी उपसणं त्यानंतर.

मग फरशी, मग रंग

इथवर आलात तर उरलेलं काम सोपं आहे. जमिनीला कोटा, कडाप्पा किंवा टाइल्स. लाकडी फ्लोअरिंग आणि गालिचा नको. प्लायवूडची आणि जिप्समची भिंत पाच वर्षांनी बुरशीचं घर होते. तिच्या जागी सिमेंट बोर्ड वापरावा आणि तो भिंतीपासून सुटा ठेवावा. प्लास्टिक पेंट ओल आत कोंडतो आणि फुगून त्याचे पोपडे निघतात. चुन्याचा गिलावा आणि चुन्याचा हात ओल सोडतात आणि दरवर्षी नव्याने मारायला स्वस्त पडतात. कपाटं पायांवर उभी करावीत आणि भिंतीपासून चार बोटं लांब.

जागेचा उपयोगही तळघराच्या स्वभावाला धरून ठरवावा. रियाज, व्यायाम, टेबल टेनिस, शिवणकाम, कॅरम, दिवाळीच्या किल्ल्याच्या मावळ्यांची पेटी, हे सगळं तिथे छान बसतं. पुस्तकं, जमिनीची कागदपत्रं, लग्नातल्या पैठण्या वरच राहू द्याव्यात. आजी-आजोबांना खाली पाठवू नये, त्यांना जिना परवडत नाही. आणि झालेल्या घराखाली नव्याने खोदायचा विचार जुन्या गल्ल्यांत तर मनातही आणू नये. तिथे दोन घरांची भिंत सामाईक असते, शेजाऱ्याचा पाया आपल्या खोदकामाने उघडा पडतो.

काम सुरू करण्याआधी बेळगावात महापालिका किंवा बुडा (नगरविकास प्राधिकरण), निपाणीत नगरपालिका, इथे मंजूर नकाशा काढून पाहावा. त्यात तळघर वाहनतळ म्हणून दाखवलं असेल, तर तिथे खोली करणं म्हणजे परवानगी मोडणं. विमा कंपनी नुकसानभरपाई नाकारायला हेच कारण पुढे करू शकते. खोली केल्यावर गाड्या रस्त्यावर लागतात तो त्रास वेगळाच.

बेळगाव शिक्षणाचं शहर आहे. अभियांत्रिकी, वैद्यकीय, कायदा, सगळ्या महाविद्यालयांत बाहेरगावची मुलं येतात आणि त्यांना खोल्या लागतात. रंगवलेलं तळघर भाड्याने द्यायचा मोह होणं साहजिक आहे. घरमालकांना सांगणं एवढंच: तळघरात मुलांनी खेळावं, शिकावं, गावं, पण तिथे कुणालाही झोपायला ठेवू नका, भाडेकरूला तर मुळीच नाही. या दिवाळीत रंगाचा डबा उघडण्याआधी मागच्या पावसाळ्यात भिंतीवर ओल कुठवर चढली होती तिथे पेन्सिलीने रेघ मारा. पुढच्या सप्टेंबरपर्यंत ती रेघ कोरडी राहिली, तर खुशाल फरशी घाला.